मातीकाम चालू असताना

पेट्रोलपंपापाशी पोचेपर्यंत माझ्या चपलेचा अंगठा सुटायला आला होता आणि वन्संचं बोलणं काही थांबायला तयार नव्हतं.

"हे बघा वहिनी," पंपाच्या उताराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "इथे झाडांचा वाफा करून काय उपयोग? इथलं पाणी म्हणजे अर्धं तेल. झाडं माना टाकतील. इथे आधी तेल वेगळं करणारी टाकी हवी. जमिनीखाली, कप्प्याकप्प्यांची."

"मग घाला की टाकी."

"घातलीय! झाकण कुणी उघडलंय का, ते विचारा. आत गाळाचा दगड झाला असेल. आमच्या धंद्यात यंत्र निवडायच्या आधी ते साफ करणारा माणूस शोधायचा असतो. तो नसेल तर कितीही भारी यंत्र आणा, पुरलेलं मढंच ते."

सकाळी सकाळी मढी कशाला काढायची, असं मी मनात म्हटलं आणि चपलेला सेफ्टीपिन लावली. डॉक्टरांनी मला गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं होतं. वन्संनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपासून खालच्या तळ्यापर्यंत पाणी जसं जातं तसं चालत जायचं, असा त्यांचा बेत होता. नुसतं फिरायला जाणं त्यांना कधी जमलंच नाही.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. शहरात पाऊस पडला की छपरं, रस्ते, गाड्या उभ्या करायच्या जागा, सगळं धुऊन निघतं आणि ती सगळी घाण तळ्यात जाते. ते पाणी वाटेत कुठे अडवायचं, कसं गाळायचं, कुठल्या जागेला कुठली सोय लागू पडेल, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. आधी एका खाजगी कंपनीत आराखडे काढत, पुढे नगरपालिकेत तपासणी अधिकारी झाल्या. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. खिडकीत जॅमच्या बाटल्या मांडलेल्या असतात. बाजाराच्या रस्त्याचं पाणी, शाळेच्या मैदानाचं, दवाखान्याच्या छपराचं. खाली गाळ बसलेला, वर तेलाचा रंगीत तवंग. नवी कामवाली पहिल्याच दिवशी त्या बाटल्या घासून पालथ्या घालून गेली होती. तिच्याशी वन्सं अजून बोलत नाहीत.

आणि इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. ही बाई कुणाला माफ करत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं एकदा शिळा पाव ताजा म्हणून दिला, तर त्या दिवसापासून या दुसऱ्या बेकरीतून पाव आणतात आणि येताना मुद्दाम त्याच्या दुकानावरून येतात, पिशवीवरचं नाव त्याच्या बाजूला करून. तो बिचारा आता केस पिकवून बसलाय. मी म्हटलं, "वन्सं, सोडा हो आता." तर म्हणाल्या, "त्यानं पाव बदलला का? मग मी कशाला वाट बदलू?"

अशा बाईचा एकच खरा वैरी होता. त्यांच्या जुन्या कंपनीचा मालक. बोलणं इतकं गोड की आम्ही घरात त्याला साखरसाहेब म्हणायचो.

माझे सासरे, मामंजी, पुस्तकबांधणी करायचे. बाजाराच्या खालच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दोन पायऱ्या उतरून आत जायचं, खळीचा वास, भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर बांधायला आलेली पुस्तकं. वरच्या अंगाला नवा बाजार व्हायचा होता, समोर गाड्यांसाठी मोठं पटांगण. त्याच्या पाण्याचं काम साखरसाहेबाच्या कंपनीकडे आलं आणि कंपनीनं ते वन्संकडे दिलं. वन्संनी तिथे गाळणवाफा काढला. घरी आम्ही तसंच म्हणायचो, ऑफिसात त्याला इंग्रजी नाव आहे. पटांगणाच्या कडेला लांबट खोलगट वाफा, वर झाडं, त्याखाली वाळूमिश्रित माती, त्याखाली खडी, तळाला भोकांची नळी. पटांगणाचं काळं पाणी वाफ्यात शिरतं, घटकाभर साचतं, मुरतं आणि नळीतून निवळशंख बाहेर पडतं.

मामंजींना काय अभिमान! गिऱ्हाईक आलं की आधी त्याला बाहेर नेऊन वर दाखवायचे. "ती बाग दिसतेय? माझ्या मुलीची आहे. पाणी पिते ती." बाग तयार व्हायच्या आधीपासून दाखवायचे.

या वाफ्याचं एक पथ्य असतं. आजूबाजूचं मातीकाम संपून, उघड्या जमिनीवर गवत धरल्याशिवाय त्याचं तोंड उघडायचं नाही. वाळूच्या गोणी लावून बंद ठेवायचं. नाहीतर बांधकामाची माती वाहून येते आणि वाफा जन्मतःच गुदमरतो. वरून हिरवा दिसतो, आतून सिमेंट. बाजाराच्या मागच्या बाजूचं खोदकाम अजून चालू होतं आणि साखरसाहेबाला उद्घाटन हवं होतं. "पाहुण्यांना काय गोणी दाखवू?" असं तो म्हणाला. वन्सं भांडल्या, विनवण्या केल्या, उद्घाटनाच्या सकाळीसुद्धा त्याच्या गाडीला आडव्या गेल्या. त्यानं काच खाली करून हसत सांगितलं, "बाळ, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं." मग फीत कापली. मजुरांनी गोणी काढल्या. टाळ्या झाल्या.

पावसाचे दिवस आले तेव्हा वाफ्यावर पाणी तुंबलं. जादा पाणी निघून जायला जाळी होती, तीही त्याच चिखलानं बुजली. पटांगणावरचा सगळा लोंढा कठडा ओलांडून खालच्या गल्लीत उतरला. भिजलेला कागद फुगतो, हे मला त्या दिवशी कळलं. मामंजींच्या फळ्यांवर पुस्तकं इतकी फुगली की फळ्यांचे खिळे निघाले. काही बाहेर ओढून काढता येईनात, भिंत फोडावी लागेल अशी घट्ट बसली.

चौकशी झाली. साखरसाहेब तिथे काय म्हणाला, तर, "आराखडा जरा कच्चा राहिला. मुलगी हुशार आहे, पण तरुण आहे. मीच तिला सांभाळायला कमी पडलो." दोष हिच्या गळ्यात आणि मोठेपणा याच्या खिशात! एवढ्यावर थांबला नाही. मामंजींच्या दुकानात आला, त्या चिखलात पँट वर करून त्यांच्याशेजारी बसला आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "मुलीवर रागावू नका. चुकतंच माणूस."

मामंजी रागावले नाहीत. तेच वाईट झालं. वन्संनी त्यांना सगळं खरं सांगितलं, वाफा काय, गोणी काय, फीत काय. मामंजी ऐकत आणि मान डोलवत, "हो बाळा, हो," म्हणत. पडलेल्या पोराची समजूत काढावी तसे. एकदाच म्हणाले, "आधी नुसतं सांगितलं असतंस ना, तर मी पुस्तकं वरच्या फळीवर ठेवली असती." पुढे फार जगले नाहीत. लेकीच्या चुकीनं दुकान बुडालं, हे मनाशी धरून आणि तिला त्याबद्दल माफ करून गेले. वन्संना ती माफी अजून टोचते.

तर पंपापासून आम्ही उतार धरून चालत होतो. पुढे उजव्या हाताला एक नवी वसाहत उठत होती. पाच-सहा बंगले, मधे रस्ता. फाटकावर पाटी. पाटीवर साखरसाहेबाच्या कंपनीचं नाव.

"त्याचं स्वतःचं घर आहे यात," वन्सं म्हणाल्या. "सगळ्यात खालचं. तळघरात ऑफिस करणार आहे म्हणे. परवानगीची फाइल माझ्याकडेच यायचीय."

"तुमच्याकडे?"

"दुसरीकडे कुठे जाणार? एकच खातं, एकच गाळणी." गाळणी हे त्यांना कंपनीत पडलेलं नाव. साखरसाहेबानंच ठेवलेलं.

फाटक उघडं होतं. आत पोकलेन माती उपसत होता. आम्ही कडेकडेनं गेलो आणि रस्त्याच्या शेवटी, त्याच्या घराच्या वरच्या अंगाला, वन्सं गपकन थांबल्या.

तिथे गाळणवाफा होता. नवा कोरा. तोंडाशी पसरट दगड हातपंख्यासारखे मांडलेले, म्हणजे पाणी आत शिरताना पसरतं आणि जोर मोडतो. ही मांडणी वन्संची. स्वयंपाकघरात परातीत खडे मांडून, तांब्यानं पाणी ओतून त्यांनी ती बसवली होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. उतार तोच. झाडंसुद्धा तीच. आणि वाफ्याचं तोंड वाळूच्या गोण्यांनी गच्च बंद. वर ताडपत्री. मातीचं पाणी दुसरीकडे वळवायला एक तात्पुरता खड्डासुद्धा खणलेला.

वन्सं खाली बसल्या. गोणीवर हात ठेवला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या.

"कच्चा आराखडा," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या घराला माझा कच्चा आराखडा! आणि गोणी बघा कशा लावल्यात, एकावर एक, फट नाही. माहीत होतं त्याला, वहिनी. तेव्हाही माहीत होतं."

मी वाकून बघितलं. खरंच फट नव्हती.

"उद्याच हुकूम काढते," त्या उठत म्हणाल्या. "तपासणीसाठी तोंड उघडा. एक ओळ पुरे. मला अधिकार आहे. पाऊस तोंडावर आलाय. जाऊ दे सगळी माती आत. बुडू दे तळघर. कळू दे ओला कागद कसा फुगतो ते."

"आणि वरच्या मजल्यावर त्याची म्हातारी आई राहणार आहे, तिचं काय?"

"माझा बाप कुणाचा कुणी नव्हता?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतेस? तुझ्या देवाला विचार, तेव्हा कुठे होता तो!" आम्ही एरवी एकमेकींना अहोजाहो करतो. भांडण खरं असलं की मगच अगंतुगं होतं.

"देवाला मधे आणू नकोस," मीही आवाज चढवला. "तू हे तोंड उघडलंस की तो काय म्हणेल ते ऐक. मॅडमनी उघडायला लावलं म्हणेल. पुन्हा सगळं तुझ्याच गळ्यात. आणि लोक त्याचे डोळे पुसायला जातील. पुन्हा हाच कुणाचा तरी हात हातात घेऊन बसेल, बघ."

पोकलेनवाल्यानं मशीन बंद करून आमच्याकडे मान वळवली. दोन बायका चिखलात उभ्या राहून भांडतायत, त्याला करमणूकच झाली असेल. वन्संनी ताडपत्रीचं सुटलेलं टोक पुन्हा दगडाखाली नीट खोचलं.

"मारवत नाही हो मला," त्या म्हणाल्या. "माझंच पोर आहे. त्याच्या घरी वाढतंय एवढंच." आणि तळ्यापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला माहीत होतं, हे शांत होणं नव्हतं. आत काहीतरी शिजत होतं.

ते काय, हे सुनावणीला कळलं. वसाहतीचं पाणी शेवटी बाजाराच्या गल्लीतूनच जाणार, त्यामुळे राहायची परवानगी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायचं असा नियम आहे. एरवी अशा सुनावणीला रिकाम्या खुर्च्या येतात. या वेळी वन्सं स्वतः गल्लीत दुकानोदुकानी फिरल्या. कापडवाल्या काकू, कुलपं विकणारा, छत्र्या दुरुस्त करणारा, ज्यांची ज्यांची दुकानं तेव्हा बुडाली होती ते सगळे आले. मीही मागे जाऊन बसले. घरून निघताना देवाचं नाव घेतलं होतं, पण नक्की काय मागितलं ते मलाच सांगता येणार नाही.

साखरसाहेब आला. केस पांढरे, हसू तेच. वन्संनी त्याला मानानं खुर्ची दिली.

"साहेब, लोकांना जरा समजावून सांगा. तुम्ही ही वाफ्याचीच पद्धत का निवडलीत? जमिनीखाली गाळणीचा तयार खोका घालता आला असता. जागाही वाचली असती."

समजावून सांगायला मिळालं की त्याला चेव यायचा. "खोका डोळ्यांआड असतो, मॅडम. डोळ्यांआड ते मनाआड. गाळ काढायला कोणी जात नाही. वाफा समोर दिसतो, झाड सुकलं की कळतं. अशा जागेला यापेक्षा चांगली सोय नाही. मी स्वतः तिथे राहणार आहे, यातच सगळं आलं."

"छान. आणि त्याचं तोंड अजून बंद का ठेवलंय?"

"अहो, हे तर तुम्हालाही माहीत आहे," तो लोकांकडे वळून हसला. "मातीकाम चालू असताना उघडला तर वाफा मेलाच समजायचा. कालचं शिकाऊ पोरसुद्धा उघडणार नाही."

"आणि कुणी उघडलाच, पाणी तुंबलं, लोकांच्या दुकानांत शिरलं, तर चूक कुणाची? आराखडा काढणाऱ्याची, की उघडणाऱ्याची?"

"अर्थात उघड..."

तो थांबला. पण शब्द बाहेर पडला होता आणि तो सगळ्यांनी आपल्या आपण पुरा केला.

कापडवाल्या काकू उठल्या. जाडजूड बाई, उठायला वेळ लागला. "साहेब, आमच्या बाजाराच्या वेळी मागे खोदकाम चालू होतं ना हो? मी पुढेच उभी होते. फितीचं रेशीम माझ्याच दुकानातलं. कात्री कुणाच्या हातात होती?"

"त्या वेळची परिस्थिती वेगळी होती, ताई..."

"परिस्थिती वेगळी असेल. कात्री कुणाच्या हातात होती?"

"सांगा की, साहेब!" छत्रीवाला मागून ओरडला. "गोड बोलायला तर किती येतं तुम्हाला!"

साखरसाहेबानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. वन्सं शांतपणे त्याच्याकडे बघत होत्या. बेकरीवाल्याच्या दुकानावरून जाताना बघतात तशाच. मग त्यांनी निकाल सांगितला. वसाहतीचा आराखडा उत्तम, मंजूर. मात्र खालच्या अंगाला बाजाराचा वाफा तेव्हापासून मेलेला असताना वरून आणखी पाणी सोडता येणार नाही. तो कंपनीनंच तळापासून खणून काढायचा, नवी वाळूमाती भरायची आणि कंपनीच्या मालकानं कामाच्या वेळी जागेवर हजर राहायचं. तो जिवंत झाल्याशिवाय वसाहतीत कुणी राहायला जायचं नाही.

पुढचे कित्येक दिवस गल्लीला खेळच झाला. साखरसाहेब छत्री धरून वाफ्याच्या कडेला उभा आणि खालून वर जाणारा प्रत्येक जण त्याला विचारणार, "काय साहेब, आज गोणी लावल्यात ना नीट?" कापडवाल्या काकूंनी तर दुकानाबाहेर खुर्चीच टाकली. मीसुद्धा दोनदा वाट वाकडी करून तिथून गेले. बरं वाटलं मला. पहिल्या खणण्यात काळा, दगडासारखा चिखल निघाला, त्यातलं एक ढेकूळ वन्संनी घरी आणून खिडकीत ठेवलं.

मग एका दुपारी, काम अर्धं झालं असताना, तो तिथेच कोसळला. छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं. आमच्या ह्यांना कळलं, ह्यांनी मला सांगितलं, आणि हे वन्संना कोण सांगणार म्हणून मी गॅसपाशी उभी होते, तेवढ्यात वन्संच आत आल्या. ऑफिसातून अर्ध्यातून आलेल्या. पायांत चपला तशाच. चेहरा उतरलेला.

मी म्हटलं, "बसा. चहा टाकते. कळलंय मला."

"जगेल का तो?"

"डॉक्टर काही बोलत नाहीत म्हणे. वन्सं, तुमचा यात काही दोष नाही. वय झालं होतं त्याचं. असं मनाला..."

"मला कुठे वाटतंय दोष आहे म्हणून?" त्या माझ्या अंगावरच आल्या. "दोष कसला? मला भीती वाटतेय."

"कसली?"

त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, पुन्हा उठल्या. पन्नाशी उलटलेली बाई, खात्यात जिला सगळे वचकून असतात, ती ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"सगळ्या गल्लीला कळलं, वहिनी. कापडवालीला कळलं, छत्रीवाल्याला कळलं. ज्याला कळायला हवं होतं तो नाही ना इथे. आणि आता हा निघालाय तिकडे. माझ्या आधी पोचेल. बाबांच्या शेजारी बसेल, हात हातात घेईल, आणि दोन गोड शब्दांत त्यांना पुन्हा पटवेल. बाबा भोळे आहेत हो. ते पुन्हा हो हो म्हणतील."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तुम्ही रोज देवाशी बोलता. मी कधी काही मागितलं नाही त्याच्याकडे, तुमच्याकडूनही नाही. एवढं एक मागा. त्याला बरं करा म्हणावं. पुष्कळ जगू दे त्याला, म्हातारा होऊ दे, काठी टेकत त्या गल्लीतून रोज जाऊ दे. मला आधी न्या म्हणावं. बाबांशी मला आधी बोलू दे. मागाल ना, वहिनी?"